मिळत नसलेला पार्ट: बाजार, परदेशी ऑर्डर की भंगार?

सर्किटमधला एखादा पार्ट मिळेना झाला की आपण लगेच दुकानं पालथी घालायला निघतो. त्याआधी तो का मिळत नाही ते बघावं, कारण जायचं कुठे हे त्यावरच ठरतं. काहींचं उत्पादनच थांबलेलं असतं. काही जगभर मिळतात, फक्त आपल्याकडे कुणी ठेवत नाही. आणि बरेचसे मुळात दुर्मिळ नसतातच. जुन्या मासिकातल्या सर्किटात बीसी१४८ ट्रान्झिस्टर लिहिलाय म्हणून आपण तोच मागत फिरतो, आणि घरच्या डब्यात बीसी५४७ पडलेले असतात. पायांचा क्रम तेवढा डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर बघून घ्यायचा, की काम झालं.

गँग कंडेन्सर (रेडिओचं स्टेशन लावायचा), आयएफटी (रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर), रोटरी स्विच, छोटे ट्रान्सफॉर्मर, नॉब अशा हातात धरून बघायच्या वस्तूंसाठी बाजाराला तोड नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. गँगची दांडी किती जाड, स्विचचे टप्पे किती, हे फोटोवरून नीट कळत नाही, म्हणून जुना नमुना खिशात टाकून न्या. नंबर कागदावर लिहून न्या. तोंडी सांगताना ‘बी’ चा ‘डी’ होतोच. रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. काउंटरमागे जुने जाणते काका असले तर ‘याच्याऐवजी काय चालेल?’ हे जरूर विचारा. त्यांच्याइतकं चटकन उत्तर कुठलीच वेबसाइट देत नाही. मात्र दुपारच्या गर्दीत विचारू नका, कुणी मान वर करणार नाही.

आयसी आणि पॉवर ट्रान्झिस्टर इथे जपून घ्यावेत. ‘ओरिजिनल देऊ की डुप्लिकेट?’ असं विचारणारा दुकानदार प्रामाणिकच म्हणायचा. टूएन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरचं उदाहरण घ्या. कागदावर तो १५ अँपिअर, ११५ वॉटचा. नकली पीसमध्ये धातूच्या टोपीखालची सिलिकॉनची चकती इतकी लहान असते की अँप्लिफायरवर जरा लोड आला की खेळ खलास. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि टोपीवर हवा तो नंबर छापता येतो.

म्हणून खात्रीचा सेमीकंडक्टर हवा असेल तर माझं मत अधिकृत वितरकाला: डिजी-की, माउझर किंवा एलिमेंट१४. माल थेट कंपनीकडून आलेला, शिल्लक किती ते समोर दिसतं, उत्पादन बंद झालं असेल तर तसं लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच गोष्टी एक-एक नगही मिळतात. खर्च पार्टचा नसतो, तो येण्याचा असतो. परदेशातून मागवलं की कुरिअर, कस्टम ड्यूटी, जीएसटी आणि केवायसीची कागदपत्रं हे सगळं मागोमाग येतं. दोन ट्रान्झिस्टरसाठी हा खटाटोप म्हणजे निव्वळ हौस. चार मित्रांची यादी एकत्र केली तरच परवडतं. एलिमेंट१४ इथे रुपयांत बिल देते, त्यामुळे पहिल्यांदा मागवणाऱ्याने तिथे बघावं.

पुण्याच्या रोबूसारख्या भारतीय साइट मॉड्यूल, सेन्सर, मोटर ड्रायव्हर यांसाठी सोयीच्या; बंद पडलेल्या नंबरांसाठी तिकडे वेळ घालवण्यात फारसा अर्थ नाही. अलीएक्सप्रेस या चिनी साइटचा रस्ता तर सरकारी बंदीमुळे नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झाला. आणि कुठूनही घ्या, स्वस्तातला वॉटरप्रूफ डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर बहुतेक वेळा नक्कलच निघतो. मत्स्यटाकीला चालेल, मोजमापाला नको.

भंगाराला लोक उगाच नाकं मुरडतात. संगणकाचा एक बिघडलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा उघडला तर टोरॉइड (तार गुंडाळलेलं कडं), शॉटकी डायोड, हीटसिंक, एनटीसी (तापला की अडथळा कमी होणारा रेझिस्टर), आणि जुन्यातला असेल तर टीएल४९४ ही कंट्रोल आयसी किंवा तिचा जुळा केए७५०० असा ऐवज निघतो. नकलीची भीतीही कमी, कारण हे पार्ट वर्षानुवर्षं खरोखर चाललेले असतात. आधी मोठे कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामे करा. २३० व्होल्ट एसीचे तिथे सव्वातीनशेच्या आसपास डीसी साठलेले असू शकतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र जुने कधीच वापरू नयेत, फुकट मिळाले तरी.

गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या फझ पेडलसाठी एसी१२८ हा जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. असे ट्रान्झिस्टर एके काळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवायची, त्यामुळे जुन्या रेडिओंच्या बोर्डांत ते अजून सापडतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे नजर ठेवावी. पण प्रत्येक पीसचं गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) आणि करंटची गळती वेगळी असते. मोजल्याशिवाय सोल्डर करू नका. कुणी मोजून, आकडे लिहून विकत असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

जे२०१ सारख्या जेफेटसाठी (हाही ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) मात्र भंगारही नको आणि बाजारही नको. लांब पायांचा जे२०१ म्हणून गल्लीत जे मिळतं ते बरेचदा दुसऱ्याच नंबराचं सोंग असतं. तोच पार्ट एमएमबीएफजे२०१ या नावाने एसएमडीत, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायच्या चिमुकल्या रूपात येतो. वितरकाकडून तो घ्या, सोबत एसओटी-२३ (त्या चिमुकल्या आकाराचं नाव) ची छोटी अडॅप्टर पट्टी घ्या, आणि बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न नसेल तर तीही त्याच ऑर्डरमध्ये टाका.