कॅलिफोर्नियातील फेरशिक्षेची याचिका आणि त्यासाठी मिळालेली वकिलाची मोफत सेवा : आमचा अनुभव

आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या मुलाला कॅलिफोर्नियात २०१० साली दुसऱ्या श्रेणीच्या (म्हणजे पूर्वनियोजित नसलेल्या) खुनाबद्दल पंधरा वर्षे ते जन्मठेप, म्हणजे किमान पंधरा वर्षे आणि पुढे सुटका मंजूर न झाल्यास जन्मभर, अशी शिक्षा झाली होती. रस्त्यावरच्या मारामारीत तो सामील होता आणि त्याने बुक्केही मारले होते, पण चाकू दुसऱ्याने चालवला होता. मारामारीचा 'स्वाभाविक आणि संभाव्य परिणाम' म्हणून खुनाची जबाबदारी साथीदारावरही टाकता येते, असे तेव्हाचे कायद्याचे तत्त्व होते. कॅलिफोर्निया राज्याच्या सिनेट विधेयक १४३७ने १ जानेवारी २०१९पासून ते खुनाच्या बाबतीत मोडीत काढले आणि आधीच शिक्षा भोगत असलेल्यांनाही खुनाची शिक्षा रद्द करून नव्याने शिक्षा ठरवावी, अशी मूळ न्यायालयाकडे दाद मागण्याची वाट खुली केली. २०२२मध्ये आम्ही त्या वाटेने गेलो.

अर्ज भरणे अगदी सोपे आहे. खटल्याचा क्रमांक, शिक्षेचे वर्ष, आपण या तरतुदीस पात्र आहोत असे प्रतिज्ञेवर केलेले निवेदन आणि वकील हवा असल्यास तशी विनंती, एवढेच त्यात लागते. ज्यांनी खटला न लढवता गुन्हा कबूल केला होता, त्यांनाही तो करता येतो. हा सोपेपणा मला मोलाचा वाटला, कारण तुरुंगातला माणूस कायद्याची पुस्तके चाळून युक्तिवाद रचू शकेलच असे नाही. पूर्वी काही न्यायालये वकील न देताच अर्ज निकाली काढत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१मधील 'पीपल विरुद्ध लुईस' निकालाने ते थांबवले, आणि रीतसर अर्ज करून वकील मागणाऱ्यास तो मिळालाच पाहिजे हे पक्के झाले.

आम्हाला मिळालेल्या वकीलबाईंचे काम उत्तम होते, यात मला शंका नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी मुलाच्या चांगल्या वर्तणुकीची प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि ज्युरीला दिलेल्या सूचनांची प्रत मागितली. न्यायाधीशांनी 'स्वाभाविक आणि संभाव्य परिणाम' या तत्त्वाची सूचना ज्युरीला वाचून दाखवली होती की नाही, यावर सगळे अवलंबून होते. ती दाखवली होती, आणि सरकारी वकिलांना ते नाकारता आले नाही. मग पुराव्याची सुनावणी झाली. तिथे आजच्या कायद्याप्रमाणेही हा मुलगा खुनी ठरतो, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याचा भार सरकारवर होता. निर्णय ज्युरी देत नाही, न्यायाधीश देतात, ही गोष्ट घरच्यांना आधी नीट समजावून सांगायला हवी होती.

तक्रारीची जागा विलंबाची आहे. जुन्या खटल्याच्या नोंदी मिळण्यातच कित्येक महिने गेले, आणि त्या काळात वकिलांच्या कार्यालयातून आमच्या फोनला सहसा उत्तर येत नसे. अर्जापासून निकालापर्यंत चौदा महिने लागले. शेवटी खुनाची शिक्षा रद्द होऊन तिच्या जागी मारहाणीचा गुन्हा नोंदवला गेला. त्याची मुदत त्याने केव्हाच भोगलेली होती, म्हणून त्याची सुटका झाली. न्यायालय अशा वेळी दोन वर्षांपर्यंत देखरेख लावू शकते, तशी ती लावली गेली.

हा मार्ग सर्वांसाठी नाही, हे अर्ज करण्यापूर्वी नातेवाइकांनी ओळखावे. ज्याने स्वतः मारले, ज्याने ठार मारण्याच्याच हेतूने साथ दिली, किंवा कोणाचा जीव गेलेल्या दरोड्यासारख्या गुन्ह्यात ज्याचा सहभाग मोठा होता आणि ज्याने माणसाच्या जिवाची बेफिकीर उपेक्षा केली, त्याला सवलत मिळत नाही. 'मोठा सहभाग' कशाला म्हणायचे यावरच बहुतेक दरोड्याच्या प्रकरणांत खरा वाद होतो, म्हणून तिथे अनुभवी वकील असणे अत्यावश्यक आहे.

सुनावणीच्या दिवशी मृताची बहीण मागच्या बाकावर एकटीच बसली होती. त्या दिवशी काय ठरणार आहे, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. तिने ते आमच्याकडे विचारले, आणि आम्हाला उत्तर देणे फार जड गेले. न्यायालयाने अशा कुटुंबांसाठीही कोणी माहितगार माणूस नेमावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.