एचआयव्हीची लवकर तपासणी: पुण्यात आयसीटीसी बरं की खासगी लॅब?

शंका येण्यासारखं काही घडून ७२ तास झाले नसतील, तर तपासणीचा विचार नंतर. चोवीस तास इमर्जन्सी असलेलं रुग्णालय गाठा आणि पीईपीबद्दल, म्हणजे धोक्याच्या प्रसंगानंतर संसर्ग टाळण्यासाठीच्या गोळ्यांबद्दल विचारा. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. सुरुवात जितकी लवकर, तितका उपयोग जास्त.

आता तपासणी. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ती मोफत होते. आधी समुपदेशन, मग संमती, मग रक्त. नाव गुप्त ठेवणं २०१७च्या कायद्याने बंधनकारक आहे. पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं, म्हणजे संसर्गाची खूण दिसली, तर आणखी दोन वेगळी किट लावतात, आणि तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. या बाबतीत आयसीटीसीला पूर्ण गुण. उणीव वेळेची: रॅपिड किट बहुधा फक्त अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) शोधतं, आणि त्या दिसायला २३ ते ९० दिवस लागतात. दहाव्या दिवशीच्या नॉन-रिॲक्टिव्हचा अर्थ इतकाच की जुना संसर्ग दिसत नाही. दहा दिवसांपूर्वीच्या घटनेबद्दल तो काहीच सांगत नाही.

लवकर उत्तर हवं असेल तर खासगी लॅबची फोर्थ जनरेशन तपासणी सरस. ती अँटिबॉडीसोबत पी-२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनही पकडते. शिरेतून घेतलेल्या रक्तावर १८ ते ४५ दिवसांत संसर्ग सापडतो. पण पॅकेजवर नुसतं ‘एचआयव्ही १ व २’ लिहिलेलं असेल तर पैसे भरण्याआधी पद्धत विचाराच. ‘अँटिजेन-अँटिबॉडी’ आणि ‘सीएलआयए’ किंवा ‘सीएमआयए’ (लॅबमधल्या यंत्रावरच्या पद्धती) असेल तर ठीक; ‘इम्युनोक्रोमॅटोग्राफी’ म्हणजे कार्ड टेस्ट. बोटाच्या थेंबावरची फोर्थ जनरेशनही ९० दिवसांपर्यंत मागे पडू शकते. थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी आरएनए तपासणी १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते, पण ती महाग. ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी अशी लक्षणं असतील किंवा डॉक्टर म्हणतील तरच करा.

गफलत होते ती मोजणीत. दिवस शेवटच्या धोक्याच्या प्रसंगापासून मोजायचे. पीईपी घेतली असेल तर शेवटच्या गोळीपासून, कारण औषधं चालू असताना विषाणू दबलेला असतो आणि अँटिबॉडी उशिरा येऊ शकतात.

खासगी रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला तर तो अंतिम समजू नका. चुकीचे रिॲक्टिव्ह येतात, आणि काही लॅब समुपदेशनाशिवाय तो थेट मोबाईलवर पाठवतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. तो रिपोर्ट घेऊन आयसीटीसीत जा. जवळचं केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळतं.