पट्टी ‘सेव्ह झाली’, पण कुठे?

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळद ज्या अडत दुकानात लागते, त्या दुकानाने यंदा शेतकऱ्यांसाठी मोबाइल अ‍ॅप काढले आहे. सौद्याचा दर, वजन, हमाली, तोलाई हे सारे त्यात सौदा संपताच दिसते आणि तेवढ्यापुरते ते उत्तम आहे.

तक्रार आहे ती पट्टीची, म्हणजे सौद्याच्या हिशेबाच्या पावतीची. ‘डाउनलोड’ दाबले की ‘फाइल सेव्ह झाली’ असे हिरवे अक्षर झळकते, मात्र डाउनलोड्समध्ये काहीच नसते. गावच्या शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीत सचिवांसमोर दहा मिनिटे फोन चाळूनही पट्टी सापडली नाही, तेव्हा मी वैतागून अ‍ॅप काढूनच टाकणार होतो. ते केले नाही, हे नशीब.

अ‍ॅप बनवण्याचेच काम करणाऱ्या पुतण्याने उलगडा केला. हे अ‍ॅप हायब्रिड आहे, म्हणजे आत वेबपानच आहे. पण ते ज्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या भागात उघडते, तो ब्राउझरप्रमाणे आपणहून फाइल उतरवत नाही, ती सोय वेगळी लिहावी लागते. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सामायिक स्टोरेजवर, म्हणजे सगळ्या अ‍ॅपना मिळून वापरता येणाऱ्या फोनमधल्या जागेवर निर्बंध आल्यामुळे, बनवणाऱ्याने सोपा मार्ग धरून फाइल अ‍ॅपच्या खासगी फोल्डरात ठेवली, जो फाइल मॅनेजरला सहसा दिसत नाही आणि अ‍ॅप काढताच पुसला जातो. फोन लॅपटॉपला जोडून त्याने माझ्या अकराही पट्ट्या बाहेर काढल्या.

निदान ‘शेअर’चे बटण दिले असते, तरी पट्टी थेट व्हॉट्सअ‍ॅपवर गेली असती. तूर्त पाचपैकी दोन तारे, तेही दराच्या पानासाठी.