निळा पालो व्हर्दे: अंगणात लावून दीड वर्ष झालं, त्याचा अनुभव

ऑक्टोबर २०२३मध्ये फिनिक्सच्या (अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना राज्य) घरामागे निळा पालो व्हर्दे हे इथल्या वाळवंटातलं काटेरी झाड लावलं. निळा म्हणजे पानांना निळसर झाक एवढंच, फुलं पिवळीधमक. खोडसुद्धा हिरवंगार. खड्डा खणताना दीड फुटावर चुनखडीचा थर लागला (इथे ‘कलीची’ म्हणतात). कुदळ टणकन उडायची. पहारीने फोडण्यात दोन शनिवार गेले. तेव्हा सोलापूरहून आलेली आई कडेला उभी राहून म्हणाली, “गावाकडं वेडी बाभूळ काढता काढता कंबरडं मोडलं, आणि तू दारात काटे लावतोयस?”

२०२४चा उन्हाळा भयंकर. सलग ११३ दिवस पारा १०० फॅरनहाइट किंवा त्याहून वर. जूनमध्ये झाडाने सगळी पानं टाकली. नखाने साल खरवडली तर आत ओली हिरवी. हे झाड सालीतूनही अन्न तयार करतं, पाणी वाचवायला पानं झटकून टाकतं. हे वाचलेलं होतं, तरी जीव राहवेना. ठिबक दिवसाआड सुरू केलं. इथेच चुकलो. महिन्याभरात दोन-दोन फूट लुसलुशीत फुटवे, शेंडा जड. ऑगस्टच्या वादळात सगळ्यात देखणी फांदी बेचक्यातून चिरफाळली. आता उन्हाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा मुळांपर्यंत मुरेल इतकं पाणी देतो, हिवाळ्यात ठिबक बंद.

काटे जेमतेम सेंटिमीटरभर, पण पेरापेराला. छाटलेली एक डहाळी उचलायची राहिली, ती लेकाच्या स्लिपरमधून आरपार गेली. लहान मुलं असतील तर ‘डेझर्ट म्युझियम’ हा बिनकाट्याचा संकर घ्या, टूसॉनच्या वाळवंट संग्रहालयात सापडलेला. शेंगाही फारशा धरत नाही. आमच्या झाडाची रोपं पावसानंतर खडीतून उगवतात, ती उपटत बसावं लागतं.

फुलं मात्र! या एप्रिलमध्ये अडीच आठवडे झाडावर हिरवं काही दिसतच नव्हतं. सकाळी खिडकी उघडायच्या आधीच भुंग्यांची घूंऽऽ ऐकू यायची. शेजाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात पाकळ्यांचा थर साचला, त्यांची बोलणी खाल्ली.

छाटणी तूर्त थांबवलीय. बाहेरच्या काटेरी फांदीत व्हर्डिनने, म्हणजे चिमणीहून लहान, पिवळ्या डोक्याच्या पाखराने, काटक्यांचं चेंडूसारखं घरटं केलंय. फोनवर आई आधी त्याचीच चौकशी करते.