ई-कोर्ट्स ॲप आणि टेलि-लॉ : आईच्या वाटपाच्या दाव्यात आलेला वापरानंतरचा अनुभव

ज्यांच्या घरात कोर्टाच्या तारखा चालू आहेत, किंवा ज्या बायकांना माहेरच्या जमिनीत हिस्सा मागायचाय पण वकिलाचा विषय निघाला की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोर्टातल्या दाव्याची तारीख आणि कामकाज फोनवर दाखवणारं ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ हे ॲप मी गेल्या पावसाळ्यापासून वापरतेय, आणि त्याच्या आधी ‘टेलि-लॉ’वरून वकिलाचा सल्ला घेतला होता. दोन्ही सोयी सरकारी, दोन्हींना एक पैसा लागत नाही. माझ्या मते प्रत्येक घरात निदान एकाला तरी त्या वापरता आल्या पाहिजेत.

आमची गोष्ट नेहमीचीच आहे. आजोबा गेले, वारसनोंद झाली. सातबाऱ्यावर मामांची नावं कब्जेदार म्हणून लागली आणि आईचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात गेलं. पुढे निरोप यायला लागले, एकदा येऊन हक्कसोडपत्रावर सही करून जा. आईने सही केली नाही, पण पुढे काय करायचं हेही तिला कळेना. वकिलाकडे जायचं म्हणजे पाच-दहा हजार हातात हवेत असं गावात सगळेच सांगत होते, आणि भावांवर केस करायची या विचारानेच तिला झोप लागत नव्हती.

टेलि-लॉ आम्हाला गावातल्या सीएससी केंद्रात (कॉमन सर्व्हिस सेंटर, जिथे सरकारी ऑनलाइन कामं करून देतात) कळलं. २०१७ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची योजना आहे. केंद्रचालक तुमची नोंद करतो, विषय लिहितो, वेळ मिळते, आणि त्या वेळी पॅनेलवरचा वकील फोनवर किंवा व्हिडिओवर बोलतो. केंद्रात जायचं नसेल तर १४४५४ या टोल-फ्री क्रमांकावर घरूनच बोलता येतं, शिवाय ॲपही आहे. हा सल्ला दाव्याच्या आधीचा असतो. तो वकील तुमच्या वतीने कोर्टात उभा राहत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या.

त्या दिवशी माझी पाचवीतली मुलगी आमच्यासोबत होती. शाळेला सुट्टी होती आणि घरी एकटी ठेवायची नव्हती, म्हणून आणली. झेरॉक्स मशिन, पासबुकांचे गठ्ठे आणि फिरता पंखा यांच्या मधल्या खुर्चीत आई पदर सावरून बसली, आणि समोरच्या पडद्यावर एक तरुण वकीलबाई आल्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “मावशी, वडील कधी वारले?” मग विचारलं, जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली? मृत्युपत्र केलं होतं का? याआधी नोंदणीकृत वाटप झालंय का? आई उत्तरं देत होती आणि एकेका उत्तराबरोबर तिचा आवाज मोकळा होत होता. मग त्यांनी समजावून सांगितलं. फेरफाराच्या नोंदीने मालकी ठरत नाही, ती महसुलासाठी असते, त्यामुळे नाव इतर हक्कात आहे म्हणून हिस्सा बुडत नाही. जमीन वडिलांची स्वतःची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी मुलाइतकीच वारस. वडिलोपार्जित असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. इतकं स्वच्छ, इतक्या साध्या मराठीत आम्हाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी त्या म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला वकील फुकट मिळेल. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईमाणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.” तेवढ्यात माझ्या मुलीने माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि विचारलं, “लहान मुलांना पण मिळतो का वकील?” मी तिला गप्प करणार होते, पण वकीलबाई खुर्चीत सरसावून बसल्या. म्हणाल्या, “मिळतो ना. फुकट वकील देणाऱ्या कायद्याच्या १२व्या कलमात बाई आणि मूल अगदी शेजारी शेजारी आहेत. आजीला जसा हक्क आहे, तसाच तुला आहे.” पोरीचे डोळे एवढे मोठे झाले! कुठल्यातरी कायद्यात आपलं नाव असल्यासारखं तिला वाटलं असावं. परत येताना बसमध्ये ती आजीला विचारत होती, कायदा कोण लिहितं, तो किती जाड असतो, आपल्याला बघायला मिळेल का. घरी आल्यावर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, फोनवर उघडून तिला ती ओळ दाखवली. कायदा केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो, हे तिच्यासोबत मलाही पहिल्यांदाच कळत होतं.

अर्ज केला, वकील मिळाले. फुकटचा वकील म्हणजे लक्ष देणार नाही, असं आम्हालाही बऱ्याच जणांनी ऐकवलं होतं. आमचा अनुभव तसा नाही. त्यांनी कागद नीट मागितले, दावा मन लावून लिहिला, प्रत्येक वेळी आईशी स्वतः बोलले. कागदांपैकी सातबारा आणि आठ-अ आम्ही महाभूमी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून काढले. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो चालतो. जुन्या फेरफारांसाठी मात्र तहसीलला जावंच लागलं.

आता ॲपकडे येते. दावा दाखल होऊन नोंद झाली की त्याला एक सीएनआर क्रमांक मिळतो. अक्षरं आणि आकडे मिळून सोळा. देशातल्या प्रत्येक दाव्याचा वेगळा. वकीलसाहेबांनी तो कागदावर लिहून दिला. ॲप उघडायचं, सोळा अक्षरं भरायची, सगळा दावा समोर. पक्षकारांची नावं, कोणाचं कोर्ट, पुढची तारीख, त्या तारखेला काय होणार, मागच्या तारखांना काय झालं, आणि हुकूम झाला असेल तर त्याची पीडीएफ. एकदा ‘माय केसेस’मध्ये साठवून ठेवला की पुन्हा क्रमांक भरावा लागत नाही.

त्या कागदाचा ताबा मुलीने घेतला. वहीच्या मागच्या पानावर सोळा चौकोन आखून तिने एकेक अक्षर भरलं आणि म्हणाली, यात काहीतरी लपलंय. मला माहीत नव्हतं, म्हणून दोघींनी मिळून शोधलं. पहिली दोन अक्षरं राज्याची, एमएच. पुढची दोन जिल्ह्याची, आमची पीयू म्हणजे पुणे. मग दोन आकडे जिल्ह्यातल्या कुठल्या कोर्टाचे, मग सहा आकडे दाव्याचा अनुक्रम, आणि शेवटचे चार वर्षाचे. तिने प्रत्येक गट वेगळ्या रंगाच्या खडूने रंगवला. “म्हणजे आजीची केस भारतात कुठेही असली तरी सापडेल!” तिला त्यात खजिन्याच्या नकाशाचा आनंद झाला होता. मग आठवडाभर तिने दिसेल त्या क्रमांकाची अशीच फोड केली: गाडीची नंबर प्लेट, बँकेचा आयएफएससी, पुस्तकामागचा आयएसबीएन. शाळेत क्रमांकांवर एक तक्ता करून नेला. कोर्टाच्या कागदातून पोरीला हे मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. आमच्या लहानपणी घरात कोर्टाचा विषय निघाला की मुलांना बाहेर पिटाळायचे.

त्यानंतर तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ॲप उघडायचं काम तिचंच झालं. आजी शेजारी बसते, नात वाचते. समन्स बजावलं का, मामांची कैफियत म्हणजे लेखी उत्तर आलं का, कोर्टाने ठरवायचे मुद्दे निघाले का. आता आईला या सगळ्या पायऱ्या क्रमाने पाठ आहेत. पूर्वी कोर्टातून फोन आला नाही की तिला वाटायचं, आपल्या पाठीमागे काहीतरी चाललंय. ती धास्ती गेली. माझ्यासाठी या ॲपची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे. आणखी एक गोष्ट मला फार न्याय्य वाटते. जे आम्हाला दिसतं तेच मामांनाही दिसतं. गावात कुणी येऊन सांगितलं की “तुझ्या बहिणीने स्टे आणला”, तर धाकटा मामा आता ॲप उघडून स्वतः बघतो. त्यामुळे अर्ध्या अफवा उंबऱ्यापाशीच थांबल्या.

मुलीचं कुतूहल पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. घटनापीठाच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवतात, यूट्यूबवर बघता येतात. भाषा इंग्रजी, त्यामुळे तिला शब्द फारसे कळले नाहीत, पण न्यायाधीश मधेच थांबवून वकिलांना प्रश्न विचारतात हे बघून ती चकित झाली. तिला वाटत होतं, न्यायाधीश फक्त निकाल सांगतात. तिच्याच आग्रहाने नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रीड बघितलं. तिथे देशभरातल्या प्रलंबित खटल्यांचा आकडा रोज दिसतो. जिल्हा आणि तालुका कोर्टांत मिळून चार कोटींच्या वर. तिने आकड्यातली शून्यं मोजली आणि विचारलं, “मग आजीचा नंबर कधी?” याचं उत्तर कुठल्याच ॲपमध्ये नाही. तारीख आधी कळली म्हणून निकाल लवकर लागत नाही, आणि तशा अपेक्षेने कुणी हे घेऊ नये.

वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पडद्यावर येते ती कोर्टाच्या कर्मचाऱ्यांनी भरलेली माहिती. आमच्या एका तारखेला कामकाज दुपारीच झालं, पण पुढची तारीख पडद्यावर यायला वेळ लागला. तोवर आई बेचैन होती आणि शेवटी वकिलांना फोन करून विचारलं. म्हणून ॲपवर तारीख बघा, पण वकिलांकडून खात्री केल्याशिवाय कोर्टात जाणं रद्द करू नका. दुसरं, मराठीत बटणं आली तरी आत कर्मचाऱ्यांनी भरलेला मजकूर बऱ्याचदा इंग्रजी आणि तोही तुटक असतो. ‘से’, ‘स्टेप्स’, ‘अनरेडी’ असे शब्द येतात. ‘से’ म्हणजे समोरच्याचं म्हणणं, हे आम्हाला वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं. जिथे दावा मराठीत लिहिला जातो, साक्ष मराठीत होते, तिथे पक्षकाराला रोजचं कामकाजही मराठीत वाचायला मिळायला हवं. ही माझी मनापासूनची मागणी आहे. माझ्या आईला सातबारा वाचता येतो, वर्तमानपत्र वाचता येतं, मग स्वतःच्या दाव्यासाठी तिने दुसऱ्यावर का विसंबावं?

तिसरं, ‘माय केसेस’मधली यादी तुमच्या फोनमध्येच राहते. फोन बदलायच्या आधी ॲपमधूनच ती एक्स्पोर्ट करून घ्या. आणि सीएनआर क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आमचा कालनिर्णयच्या मागे लिहिलेला आहे.

टेलि-लॉच्या बाबतीत एक खबरदारी. आम्ही आधी ज्या केंद्रात चौकशी केली होती तिथे नोंदणीचे म्हणून पैसे मागितले गेले. या सल्ल्याला पैसे नाहीत. कुणी मागितलेच तर सरळ १४४५४ लावा. आणि जाताना मृत्यूचा दाखला, सातबारा, फेरफाराची नक्कल एवढं तरी सोबत असू द्या. कागद समोर असले की वकील नेमकं बोलतात, नाहीतर बोलणं “कागद बघून सांगते” इथेच संपतं.

सध्या आमचा दावा पुराव्याला आहे. आईचं शपथपत्र दाखल झालंय, आता उलटतपास होईल. लोकअदालतीत बसून मिटवायची थोरल्या मामांची तयारी दिसतेय, आणि आईही नाही म्हणत नाहीये. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. म्हणून काय मान्य करायचं आणि काय नाही हे वकिलांसोबत बसून आधी लिहून काढायचं, असं आम्ही ठरवलंय.

जुना दावा असेल आणि सीएनआर क्रमांक माहीत नसेल तर ॲपमध्ये पक्षकाराच्या नावावरून शोधा. जिल्हा, कोर्ट आणि दाव्याचं वर्ष निवडावं लागतं. आमच्याकडे नावं इंग्रजीत नोंदलेली होती, त्यामुळे एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसऱ्याने बघा, आडनाव तेवढं टाकून बघा. तरीही नाही मिळालं तर कोर्टात ई-सेवा केंद्र आहे का विचारा, तिथे काढून देतात. आणि वकील परवडत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.