ड्रोन मॅपिंगसाठी 64 जीबीचा पीसी: काही महिने वापरल्यावर

कॉन्फिगरेशन: रायझन 7 7700, 32 जीबीच्या दोन डीडीआर5 स्टिक, आरटीएक्स 3060 12 जीबी, 1 आणि 2 टीबीचे दोन एनव्हीएमई एसएसडी. वेबओडीएममध्ये (ड्रोनचे फोटो प्रोसेस करणारं सॉफ्टवेअर) फोटो जोडून नकाशासारखं एकसंध चित्र, म्हणजे ऑर्थोमोझेक, काढायचा आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर हद्दी, रस्ते डिजिटाइझ करायचे, हे रोजचं काम.

दुकानदार आधी ग्राफिक्स कार्ड दाखवतो. या कामात आधी संपते ती रॅम. वेबओडीएमच्या आत चालणाऱ्या ओडीएम इंजिनचा ढोबळ हिशेब 500 फोटोंना 32 आणि 1500 फोटोंना 64 जीबी असा आहे. पण विंडोजवर 64 बसवून 64 हाती लागत नाहीत. वेबओडीएम ज्यात चालतं तो डॉकर डब्ल्यूएसएल-2 मध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) चालतो आणि त्याच्या वाट्याला मुळात निम्मीच रॅम येते. मोठं उड्डाण टाकलं की मध्येच प्रोसेस मरते आणि लॉगमध्ये नुसता 137 हा एरर कोड दिसतो. लोक फोटोंना दोष देतात, संपलेली असते मेमरी. यूजर फोल्डरमधल्या डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी 52 आणि स्वॅप (रॅम संपल्यावर डिस्कवर वापरायची जागा) 64 जीबी लिहा, मग डब्ल्यूएसएल शटडाउन करून डॉकर पुन्हा चालू करा. तरीही नाही भागलं तर फीचर क्वालिटी हायवरून मीडियमवर आणा किंवा स्प्लिट (फोटोंचे गट पाडून एकेक प्रोसेस करणं) वापरा. स्प्लिटला फोटोंचं जीपीएस लागतंच.

सी ड्राइव्ह फुगतो तो वेगळाच. वेबओडीएममधून प्रोजेक्ट डिलीट केला तरी डॉकरची व्हर्च्युअल डिस्क (त्याचा सगळा डेटा ठेवणारी एक मोठी फाइल) लगेच आक्रसत नाही. डॉकरच्या रिसोर्सेस सेटिंगमधून ती पहिल्याच दिवशी 2 टीबीवर हलवावी. तिथे स्वस्त क्यूएलसी (स्वस्त पण संथ चिपची) एसएसडी नको. तिचा वेगवान कॅश भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो.

क्यूजीआयएसच्या टूडी कामात ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलंच असतं. ऑर्थो अडखळत सरकतोय? लेयर प्रॉपर्टीजमध्ये पिरॅमिड (त्याच चित्राच्या लहान, कमी तपशिलाच्या प्रती) बनवा. प्रोजेक्टचा सीआरएसही (नकाशाची निर्देशांक पद्धत, तिला क्रमांक असतो) बघा: ऑर्थो 32643 मध्ये आणि प्रोजेक्ट वेब नकाशांच्या 3857 मध्ये असेल, तर नकाशा सरकवला की दर वेळी रीप्रोजेक्शन, म्हणजे एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर, होतं. (नागपूर-चंद्रपूरकडे 32643 ऐवजी 32644.)

रॅम वाढवायची तर रिकाम्या दोन स्लॉटमध्ये आणखी दोन स्टिक घालण्यात अर्थ कमी. चार स्टिकवर या प्रोसेसरसाठी रॅमचा अधिकृत वेग 5200 वरून 3600 वर येतो. त्यापेक्षा 48 च्या दोन घ्याव्यात.

आणि 600 व्हीएचा यूपीएस यावर लावू नका. प्रोसेसर आणि कार्ड एकदम तापलेले असताना लाइट गेली तर तोही मान टाकतो, आणि रात्रभराचं प्रोसेसिंग जातं. किमान 1000 व्हीए घ्या, आणि व्हीए नव्हे, वॅटचा आकडा वाचून घ्या.