210 रुपयांच्या ऑइल फिल्टरने माझं इंजिन खाल्लं

21 जुलै 2024, रविवार, गुरुपौर्णिमा. अक्कलकोटला स्वामींचं दर्शन करून गाणगापूरला निघालेलं पुण्याचं कुटुंब माझ्या गाडीत होतं. सहा जण, त्यात दोघं सत्तरीच्या पुढचे. दुधनीच्या अलीकडे टर्बोने (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याने) शिट्टी धरली, आरशात मागे निळा धूर दिसला आणि तेवढ्यात ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी कडेला घेऊन बंद केली. त्या आजींना बाभळीखाली चादर टाकून बसवलं आणि फोनाफोनी करून दुसरी गाडी मागवली. भाडं मी ठरवलं होतं, म्हणून तिचे 4,600 रुपये मीच दिले. माझी गाडी टोचन करून सोलापूरला आणली, त्याचे 3,800.

पुढचा हिशेब असा. टर्बो 38,500. बेरिंगं आणि क्रँकचं काम 21,700. मजुरी 12,000. नवं ऑइल आणि फिल्टर 4,150. एकूण 84,750 रुपये. गाडी अकरा दिवस गॅरेजला उभी होती, तो बुडालेला धंदा यात धरलेला नाही. आणि हे सगळं झालं एका ऑइल फिल्टरमुळे, जो मी 210 रुपयांना घेतला होता.

डुप्लिकेट मालाचा धंदा कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. अठरा वर्षं स्टिअरिंगवर आहे, मी काही नवशिका नाही. तरी फसलो, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

माझी गाडी 2018 ची, डिझेल, सात सीटर. सोलापूरहून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर, हेच माझं शेत. महिन्याला सव्वाचार-साडेचार हजार किलोमीटर होतात, वर्षाला 52,000 च्या आसपास. कंपनीच्या पुस्तकात ऑइल 10,000 ला बदला असं लिहिलंय. म्हणजे वर्षात पाच वेळा, दर वेळी 4,150, झाले 20,750. तेच 15,000 वर नेलं तर वर्षाला सहा हजार वाचतात. माझं रनिंग जवळपास सगळं हायवेचं, इंजिन गरम झालं की तासन् तास एका चालीत. ऑइलही फुल सिंथेटिक वापरतो. त्यामुळे 15,000 चा विचार मूर्खपणाचा होता असं मला आजही वाटत नाही. मात्र तेवढं चालवायचं तर फिल्टरही तेवढ्या ताकदीचा हवा, हे मला कळत होतं. म्हणून तर चौकशी करत फिरलो!

जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) गर्दीत, बाजारातल्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. (नाव लिहीत नाही, वकिलांनी नको म्हणून सांगितलंय.) मूळ फिल्टर 430 ला मिळत होता. शेठने काउंटरखालून नामांकित ब्रँडचा खोका काढला. म्हणाला, "मालक, ह्यो लाँग लाइफवाला. वीस हजाराला हात लावायचं काम नाय. दहा घ्या, 210 नं लावतो." दहाचे 2,100 झाले. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलात 28 टक्के वाढतील, बघा." मी एस्टिमेटच्या चिठ्ठीवर भागवलं. नशिबाने पैसे फोनवरून पाठवले होते, तेवढा एकच पुरावा आज हातात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 18 टक्के झाला आहे, पण तो 28 असो की 18, पक्कं बिल सोडू नका. दुकानदार बिल टाळतोय ते तुमचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगतो. त्या रात्री घरी खोके कपाटात रचत होतो. धाकटी मुलगी मदतीला होती, सातवीत होती तेव्हा. तिला खोक्यावरचे चमकणारे स्टिकर आवडले म्हणून ती एकेक वाचत बसली. म्हणाली, "पप्पा, सगळ्यावर एकच नंबर हाय की." मी न बघताच म्हणालो, "एका लॉटचा माल असतोय बाळा तो." लॉट नंबर सारखा असू शकतो, हे खरं. पण ती वाचत होती तो होलोग्रामखालचा कोड होता. तो प्रत्येक खोक्यावर वेगळा पाहिजे, त्यासाठीच तर तो छापतात! दहाच्या दहा खोक्यांवर अक्षर न् अक्षर तोच कोड. बारा वर्षांच्या पोरीला जे दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मला दोन हजार दोनशे रुपये वाचल्याचा आनंद झाला होता. खाली तक्रारीसाठी फोन नंबरही छापला होता. तो मी जुलैमध्ये लावायला गेलो, तेव्हा कळलं की त्यात नऊच आकडे आहेत.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने फिल्टर हातात तोलला आणि म्हणाला, "अण्णा, हलका लागतोय." मी म्हणालो, बसव. मग सकाळी गाडी चालू केली की ऑइलचा दिवा चार-पाच सेकंद तसाच राहायला लागला. आधी चावी फिरवली की लगेच विझायचा. मी थंडीवर ढकललं. पण मे महिन्यात दुसरा फिल्टर बसवला तेव्हा सोलापुरात कसली थंडी? तेव्हाही दिवा रेंगाळत होता, आणि मी गाडी चालवत राहिलो. हे लिहिताना हात थरथरतोय.

तो दिवा का रेंगाळतो ते ऐका. फिल्टरच्या आत तोंडाशी रबराची एक चकती असते. इंजिन बंद झालं की ती ऑइल परत खाली जाऊ देत नाही. ती गळकी असेल तर रात्रीतून फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तो परत भरेपर्यंत बेरिंगं आणि टर्बो कोरडे फिरतात. बऱ्याच चांगल्या फिल्टरमध्ये ही चकती सिलिकॉनची असते, गरम ऑइलमध्ये महिनोन् महिने मऊ राहते. साधं रबर उष्णतेने कडक होतं, आणि जास्त किलोमीटर चालवायचं म्हटलं की नेमका तिथेच मार बसतो. दुकानातच टॉर्च मारून भोकातून बघा, बोटाने किंवा बोथट काडीने हळूच दाबा. रंगावर जाऊ नका, लाल-नारिंगी रबर कोणीही घालू शकतो.

इंजिन खोलल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडे दोन फिल्टर नेले. एक माझा 11,800 किलोमीटर चाललेला, दुसरा 430 देऊन बिलासह घेतलेला नवा, मुद्दाम. कापायच्या आधी खोक्यातला एक कोरा डुप्लिकेट आणि हा नवा असली, दोन्ही शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. डुप्लिकेट 236 ग्रॅम, असली 318. मग माझा चाललेला आणि नवा असली, हे दोन लेथवर धरून कापले. असलीत कागदाच्या 64 घड्या मोजल्या, एकसारख्या, मधल्या नळीला घट्ट. माझ्यात 38. त्यातल्या पाच-सहा आत दबून फाटलेल्या, टोकाचा गोंद सुटलेला, कागदाचे लगदे झालेले. रबराची चकती नखाने दाबली तर टक्क आवाज आला, प्लास्टिकच्या झाकणासारखी. आणि जिथे बायपासची स्प्रिंग असायला हवी तिथे नुसता पत्रा दाबून बसवलेला, स्प्रिंगच नाही! फिल्टर तुंबला किंवा ऑइल घट्ट असलं की बायपास उघडून निदान गाळल्याशिवाय का होईना, ऑइल पुढे जातं. माझ्यात ती वाटच नव्हती. दाब कागदावर आला, कागद फाटला, त्याचे तुकडे टर्बोच्या बारीक नळीत जाऊन बसले. लेथवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ह्याच्यात फिल्टर कुठं हाय, नुसता डबा हाय."

दुकानात गेलो तर शेठ म्हणतो, "तुम्हीच ऑइल उशिरा बदललं." 11,800 ला इंजिन गेलं, आणि हाच माणूस वीस हजाराची गॅरंटी देत होता! पुढे म्हणाला, "हा माल आमचा कशावरून? बिल दाखवा." बिल न देणाऱ्यानेच बिल मागितलं.

आता कायद्याच्या दारात काय झालं ते. एका पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर बसवलं. मग सांगितलं, गाडी बिघडली ती दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. मी म्हटलं, फसवणूक इथल्या दुकानात झाली. तर म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. तिसऱ्या फेरीला म्हणाले, ज्या कंपनीचं नाव वापरलंय ती कंपनी तक्रार देईल तरच बघू. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर समोरच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आरोपी. कापलेला फिल्टर पिशवीत घेऊन गेलो होतो, कोणी हात लावून बघितला नाही. एका सरकारी कार्यालयात चार हेलपाटे घातले. साहेब फिरतीवर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर, आणि चौथ्या वेळी साहेब भेटले तर म्हणाले हा आमचा विषय नाही. अरे, मग पहिल्याच दिवशी बाहेरच्या शिपायाने सांगितलं असतं तर माझे तीन दिवस वाचले असते! एकेक दिवस म्हणजे माझं एकेक भाडं. प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, रंगीत फोटो यात 1,140 रुपये गेले ते वेगळेच.

वकिलांनी सांगितलं तेव्हा डोळे उघडले. खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसा माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 103 आणि 104 खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख दंड. गुन्हा दखलपात्र आहे. वॉरंटशिवाय छापा घालून माल जप्त करायला किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो आणि त्याने आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं, कंपनीने तक्रार द्यावी अशी अट नाही. म्हणजे "कंपनी येऊ दे" हे उत्तर मला घालवून देण्यासाठीच होतं. तीन फेऱ्यांत हे एकाही वर्दीवाल्याने सांगितलं नाही. माझ्यासारख्याने कलमं पाठ करून ठाण्यात जायचं का?

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, ऑनलाइन भरता येते, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत. शेठच्या बाजूने मुद्दा आलाय की माझी गाडी टुरिस्ट, म्हणून मी ग्राहकच नाही. तुमच्याही बाबतीत हेच म्हणतील, तर लक्षात ठेवा, 2019 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय: स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच. मी स्वतः गाडी चालवतो, माझ्याकडे ड्रायव्हर नाही.

स्वस्त फिल्टर शोधू नका असं मी म्हणत नाही. मूळ कंपनीला फिल्टर पुरवणारे कारखाने तोच दर्जा स्वतःच्या नावाने थोडा कमी दरात विकतात, तो घ्या, पण अधिकृत वितरकाकडून, बिलावर. निम्म्या किमतीत मिळत असेल तर हात मागे घ्या. जास्त किलोमीटर चालवायचंच असेल तर कागदात सिंथेटिक धागा असलेला घ्या, तो घाण जास्त धरतो आणि लवकर फाटत नाही. आणि हेही ध्यानात घ्या की ऑइलचं आयुष्य फिल्टर वाढवत नाही. डिझेलची काजळी इतकी बारीक असते की ती कुठलाच फिल्टर पूर्ण पकडत नाही, तिला सांभाळायचं काम ऑइलमधल्या रसायनांचं, आणि ती संपली की फिल्टर कितीही महाग असला तरी उपयोग नाही. मी आता दोन्ही 10,000 ला बदलतो. जुन्या फिल्टरचा खोका फाडून टाका, अख्खा भंगारात देऊ नका, त्यातच नकली माल भरून परत येतो.

माझ्या कपाटात ते आठ कोरे फिल्टर अजून आहेत. एकाने 100 रुपये नगाने मागितले, मी दिले नाहीत. खोक्यावर पॅकिंग नोव्हेंबर 2023 आणि तक्रारीचा फोन नंबर नऊ आकड्यांचा, असा माल सोलापुरात कोणी घेतला असेल तर गाडीला लावू नका आणि फेकूही नका. खोक्याचा आणि होलोग्रामखालच्या कोडचा फोटो काढून ठेवा, पैसे दिल्याचा मेसेज पुसू नका. वकील म्हणतात, तोच कोड असलेला दुसऱ्या कोणाचा एक खोका मिळाला तरी माझ्या केसला फरक पडेल.